गाडीवरचा कर कुठे जातो आणि रस्ता कशातून दुरुस्त होतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांविषयी दिलेल्या निकालाने अनेकांचे लक्ष वेधून घेतले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई मिळावी, असे न्यायालयाने सांगितले आणि सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे पुन्हा बजावले. या प्रश्नाचे गांभीर्य एका आकड्यावरून कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसे दगावली.

अशी बातमी आली की दोन विधाने हमखास ऐकू येतात. गाडी घेताना, पेट्रोल भरताना आणि टोलनाक्यावर आपण इतका कर देतो, तरी रस्ते असे का, हे पहिले. युरोपात कर आपल्याहून जास्त आहेत म्हणूनच तिथले रस्ते चांगले आहेत, हे दुसरे. पहिल्यातला संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. मात्र कर आणि रस्ता यांचा थेट संबंध दोन्ही विधाने गृहीत धरतात, आणि बहुतेक देशांत तो तसा नसतो. किती कर घेतला यापेक्षा तो कधी घेतला, कुणाकडून घेतला, कुणाच्या खात्यात गेला आणि रस्ता राखणाऱ्या संस्थेपर्यंत त्यातला किती भाग दरवर्षी न चुकता पोचला, यावर रस्त्याची अवस्था ठरते.

## कर तीन प्रसंगी घेतला जातो

जगभरातले वाहनकर वरवर पाहता गोंधळात टाकणारे दिसतात, पण सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे उदाहरण घेतले तर त्यांची रचना चटकन समजते. सदनिका घेताना एकदाच हस्तांतरण शुल्क भरावे लागते, राहत असेपर्यंत दरमहा देखभाल खर्च द्यावा लागतो, आणि काही सोसायट्यांत पाण्याला मीटर असल्यामुळे जितके वापरले तितके बिल येते. वाहनावरही खरेदीच्या वेळी, मालकीच्या काळात आणि वापरानुसार असे तीन प्रकारचे कर बसतात. इंधनावरचा कर आणि टोल हे वापरानुसारचे कर आहेत. जिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल अशी आणखी एक गोष्ट याच उदाहरणात आहे: चांगली सोसायटी गिलावा, गच्ची आणि लिफ्ट यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सिंकिंग फंड वेगळा ठेवते आणि त्याला एरवी हात लावत नाही.

महाराष्ट्रात चारचाकीवरच्या कराचा मोठा भाग खरेदीच्या दिवशीच वसूल होतो. चार मीटरहून कमी लांबीच्या लहान पेट्रोल मोटारीवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्यांवर ५ टक्के. त्यावर आरटीओत राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर भरावा लागतो. खासगी पेट्रोल मोटारीसाठी तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के आहे. करापूर्वीची किंमत ७ लाख रुपये असलेली पेट्रोल मोटार घेतली, तर १ लाख २६ हजार वस्तू व सेवा कर आणि ११ टक्के दराने सुमारे ९१ हजार मोटार वाहन कर, असे साधारण २ लाख १७ हजार रुपये गाडी रस्त्यावर येण्याआधीच सरकारजमा होतात. त्यानंतर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर मिळून २०२५ मध्ये पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे चाळीस रुपयांहून अधिक रक्कम जात होती.

एकरकमी कर भरणाऱ्याला सोयीचा वाटतो आणि सरकारलाही, कारण पैसा लगेच हाती येतो. मात्र रस्ता त्या गाडीखाली पुढची पंधरा वर्षे झिजत राहतो, आणि ती एकरकमी रक्कम मिळालेल्याच वर्षी खर्च होऊन गेलेली असते. शिवाय वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणारा आणि पन्नास हजार किलोमीटर फिरणारा हे दोघेही सारखीच रक्कम भरतात.

## इतर देशांत काय भरावे लागते?

सिंगापूर हे एका टोकाचे उदाहरण आहे. तिथे १९९० पासून गाडी घेण्यापूर्वी दहा वर्षे मुदतीचा मालकी हक्काचा परवाना लिलावात मिळवावा लागतो. अलीकडे त्याची किंमत अनेकदा एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर, म्हणजे साठ लाख रुपयांच्या पुढे गेली आहे. मोटारीची किंमत आणि नोंदणीचे शुल्क त्याशिवाय. शिवाय गर्दीच्या रस्त्यांवर १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने शुल्क घेतले जाते. डेन्मार्कमध्येही खरेदीवरचा कर अतिशय जड आहे: किमतीच्या पहिल्या टप्प्यावर २५ टक्के, दुसऱ्यावर ८५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १५० टक्के.

नेदरलँड्समध्ये खरेदीच्या वेळी गाडीच्या कार्बन उत्सर्जनावर कर लागतो, आणि मालकीचा कर गाडीचे वजन, इंधन आणि मालकाचा प्रांत यांनुसार ठरतो आणि वर्षभर ठरावीक अंतराने भरावा लागतो. जर्मनीत इंजिनाचा आकार आणि उत्सर्जन पाहून वार्षिक कर घेतात. पेट्रोलवर लिटरमागे ६५.४५ सेंट, म्हणजे पासष्ट रुपयांच्या आसपास ऊर्जा कर आहे आणि त्यावर मूल्यवर्धित कर, पण ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर, खासगी मोटारीला टोल नाही. फ्रान्समध्ये उलटे आहे. खासगी मोटारींवरचा वार्षिक कर या शतकाच्या सुरुवातीलाच रद्द झाला, आणि बहुतेक द्रुतगती महामार्गांवर किलोमीटरनुसार टोल द्यावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये ४० फ्रँकचे स्टिकर घेतले की वर्षभर राष्ट्रीय महामार्ग मोकळे.

अमेरिकेत केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर गॅलनमागे १८.४ सेंट आहे, म्हणजे लिटरला सुमारे सव्वाचार रुपये, आणि तो १९९३ पासून एका सेंटनेही वाढलेला नाही. राज्यांचे कर मिळवले तरी एकूण आकडा युरोपच्या जवळपास पोचत नाही.

या आकड्यांची आपल्याशी तुलना करताना उत्पन्न विसरून चालणार नाही. जर्मन माणूस लिटरमागे आपल्याहून अधिक कर देतो हे खरे आहे, पण त्याची सरासरी कमाई आपल्या कित्येक पटींनी जास्त आहे, त्यामुळे मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर पेट्रोलवरच्या कराचा भार आपल्याकडच्या दुचाकीस्वाराला अधिक सोसावा लागतो. परदेशाशी केलेल्या तुलनांमध्ये ही बाजू सहसा वगळली जाते, आणि मला ती मोठी चूक वाटते.

## ‘चांगला रस्ता’ मोजतात कसा?

रस्ता चांगला की वाईट हे ठरवण्याची अभियंत्यांची मुख्य पद्धत म्हणजे आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक. जागतिक बँकेने १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये केलेल्या प्रयोगांतून तो तयार झाला. ठरावीक रचनेची गाडी एक किलोमीटर धावताना तिची स्प्रिंग एकूण किती मीटर वर-खाली होईल, एवढेच त्यात मोजलेले असते. आकडा जितका लहान, रस्ता तितका सपाट. अमेरिकेच्या निकषांनुसार किलोमीटरला साधारण दीड मीटरच्या आत असलेला महामार्ग चांगला आणि २.७ मीटरच्या पुढचा खराब.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या देशांच्या याद्या मात्र सहसा या मोजमापावर आधारलेल्या नसतात. सर्वांत जास्त उद्धृत होणारी यादी जागतिक आर्थिक मंचाच्या २०१९ च्या अहवालातली आहे आणि ती उद्योगांतील अधिकाऱ्यांना विचारलेल्या मतांवरून बनली होती. सातपैकी सिंगापूरला ६.५, नेदरलँड्सला ६.४, अमेरिकेला ५.५, जर्मनीला ५.३, ब्रिटनला ४.९ आणि भारताला ४.५ गुण होते. याउलट आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये मोठ्या शहरांदरम्यानचा प्रवासाचा सरासरी वेग काढला, तेव्हा ताशी सुमारे १०७ किलोमीटर वेगाने अमेरिका पहिली आली आणि ३८ किलोमीटर वेगाने भूतान शेवटी राहिला. भूतानचा वेग कमी असण्यात डोंगर आणि वळणांचा वाटा मोठा आहे, आणि अमेरिकेतल्या रुंद, सरळ आंतरराज्य महामार्गांवरून तिथल्या शहरांतल्या गल्ल्यांची अवस्था कळत नाही. तिथल्याच स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेने २०२५ च्या प्रगतिपुस्तकात देशाच्या रस्त्यांना ‘डी प्लस’, म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, अशी श्रेणी दिली.

हाच फरक आपल्याकडेही आहे. सुमारे ६३ लाख किलोमीटरच्या जाळ्यात राष्ट्रीय महामार्ग जेमतेम अडीच टक्क्यांच्या आत आहेत. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये पूर्ण खुले झाले आणि त्यावरून गेलेला माणूस राज्यातले रस्ते उत्तम झाले असे म्हणेल. मुंबई–गोवा महामार्गावर दीड दशकाहून अधिक काळ रखडलेले काम पाहत गणपतीला गावी जाणारा कोकणी माणूस तसे म्हणणार नाही. दोघांचाही अनुभव खरा आहे, म्हणून देशाला एकच गुण देणारी यादी फार काही सांगत नाही.

## रस्ता झिजवतो कोण?

कराच्या न्याय्यतेची सगळी चर्चा या प्रश्नापाशी येऊन थांबते, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून, कोणत्या वजनाने रस्ता किती खचतो हे मोजले गेले. त्या प्रयोगातून निघालेला नियम आजही जगभरच्या रस्त्यांच्या आखणीत वापरला जातो. आसभार, म्हणजे एका आसावरच्या (ॲक्सलवरच्या) चाकांनी मिळून रस्त्यावर टाकलेले वजन, दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही. ती साधारण सोळा पट होते, कारण ती वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात थोडा बदलतो, पण अंदाजासाठी तो पुरेसा आहे.

आता हिशेब करून पाहू. एक टन वजनाच्या लहान मोटारीच्या प्रत्येक आसावर अर्धा टन येतो. भरलेल्या मालट्रकच्या मागच्या आसावर दहा टन धरले तर वजन वीस पट होते, आणि वीसचा चौथा घात एक लाख साठ हजार येतो. म्हणजे त्या आसाची एक फेरी आणि मोटारीच्या आसाच्या एक लाख साठ हजार फेऱ्या रस्त्याच्या दृष्टीने सारख्याच. दुचाकीने होणारी झीज तर हिशेबात धरण्याइतकीही नसते. खड्ड्यात पडून हात-पाय मोडून घेणाऱ्यांत मात्र दुचाकीस्वारच अधिक असतात, आणि खरेदीच्या वेळी १० ते १२ टक्के मोटार वाहन कर त्यांनीही भरलेला असतो. या व्यवस्थेत मला सर्वांत जास्त टोचणारा अन्याय हाच आहे.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली, तेव्हा चार टायरांच्या एकेरी आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ पावणेतेरा टक्क्यांची दिसते, पण चौथ्या घाताचा नियम लावला तर पूर्ण भरलेल्या आसाने होणारी हानी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. ही नव्या मर्यादेच्या आतली गोष्ट झाली. वाळू, खडी किंवा ऊस मर्यादेबाहेर भरून नेणाऱ्या गाड्या जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरून जातात तेव्हा काय होते, हे सोलापूर, कोल्हापूर किंवा सांगली भागातल्या वाचकाला सांगायला नको.

काही देशांनी हे लक्षात घेऊन कर बसवले आहेत. स्वित्झर्लंडने २००१ मध्ये अवजड वाहनांवर वजन आणि अंतर यांच्या गुणाकारानुसार शुल्क सुरू केले. जर्मनीत मोटारींना टोल नाही, पण ट्रकना २००५ पासून आहे. न्यूझीलंडने तर १९७० च्या दशकाच्या अखेरीलाच डिझेल वाहनांसाठी किलोमीटरनुसार शुल्क आणले, आणि तो पैसा रस्ते व वाहतुकीसाठी राखलेल्या राष्ट्रीय निधीत जातो.

ट्रकवर भार टाकला तर भाजीपाल्यापासून सिमेंटपर्यंत सगळे महाग होईल, ही शंका योग्य आहे. परंतु न्यूझीलंडच्या पद्धतीत त्यावर एक उपाय आहे: तेवढाच माल अधिक आसांच्या गाडीतून नेला, तर वजन विभागले जाते आणि दरही कमी लागतो. वाहतूकदाराला माल कमी करावा लागत नाही, योग्य गाडी निवडावी लागते. शिवाय खचलेल्या रस्त्यावर जादा डिझेल, टायर आणि स्प्रिंगच्या मोडलेल्या पाट्यांचा खर्च आजही मालाच्या किमतीत मिसळलेला असतोच.

## पैसा कोणत्या खात्यात जातो?

रस्त्यांसाठी पेट्रोलवर कर घ्यावा, हा विचार भारतात रुजवणाऱ्या समितीचे अध्यक्ष एक मराठी कायदेपंडित होते. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. वाढत्या मोटार वाहतुकीचा भार प्रांतिक सरकारांना आणि स्थानिक संस्थांना पेलणार नाही हे तिने ओळखले, पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठी राखावा अशी शिफारस केली, आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी पाहिलेली अडचण आजही तशीच आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

केंद्रीय रस्ते निधीला २००० मध्ये कायद्याचा आधार मिळाला. २०१८ मध्ये त्याचे नाव केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी झाले आणि रस्त्यांखेरीज इतर पायाभूत कामांनाही त्यातून पैसे देण्याची सोय झाली. या निधीला पैसा पुरवणारा उपकर नोव्हेंबर २०२१ पूर्वी लिटरमागे १८ रुपये होता, आणि मे २०२२ पासून तो पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर २ रुपये आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचे पेट्रोलवरचे एकूण शुल्क २१ रुपये ९० पैसे झाले, त्यात रस्त्यांच्या नावाने वेगळे काढलेले हे पाच रुपयेच होते. राज्याचा मूल्यवर्धित कर आणि आरटीओत भरलेला मोटार वाहन कर राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून शाळा, दवाखाने, पगार, कर्जाचे व्याज अशा सर्व गोष्टींवर खर्च होतो.

आता तुमच्या घरासमोरचा रस्ता पाहा. शहरात तो महापालिकेचा असतो, गावात जिल्हा परिषदेचा, तालुक्याला जोडणारा बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि मोठा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा राज्य रस्ते विकास महामंडळाचा. कर केंद्र आणि राज्य गोळा करतात, तर सर्वाधिक खड्डे ज्यांच्या ताब्यात असतात त्या स्थानिक संस्थांना त्यातला ठरावीक हिस्सा हक्काने मिळत नाही. त्यांना अनुदानाची वाट पाहावी लागते. सोसायटीचा देखभाल खर्च परस्पर दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जमा व्हावा आणि गच्ची गळू लागल्यावर समितीने त्याच्याकडे अर्ज करावा, अशी ही स्थिती आहे.

ही केवळ आपली कथा नाही. ब्रिटनमध्ये वाहनांच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी राखणारा निधी १९२० मध्ये स्थापन झाला, १९२६ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यातली रक्कम सर्वसाधारण तिजोरीकडे वळवली, आणि १९३७ पासून कर व निधी यांचा संबंधच तुटला. आज तिथे पेट्रोलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स शुल्क आणि त्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे. तरीही इंग्लंड आणि वेल्समधल्या स्थानिक रस्त्यांची थकलेली दुरुस्ती पूर्ण करायला १६.८ अब्ज पौंड लागतील, असे डांबर उद्योगाच्या संघटनेच्या २०२५ च्या पाहणीत दिसले. राष्ट्रीय महामार्ग बरे आणि नगरपरिषदांचे रस्ते खड्ड्यांचे, हे चित्र तिथेही आहे, कारण पैसा लंडनच्या तिजोरीत आणि जबाबदारी स्थानिक परिषदेकडे आहे.

सिंगापूरचे रस्ते उत्तम असण्याचे कारणही त्या प्रचंड करात शोधू नये, कारण तो करही सर्वसाधारण तिजोरीतच जातो. तिथे जवळपास सर्व सार्वजनिक रस्ते एकाच भूवाहतूक प्राधिकरणाकडे आहेत. रस्ता खोदायची परवानगी, चर बुजवण्याचा दर्जा आणि पुढची देखभाल या सगळ्यांचा जाब त्याच एका संस्थेला द्यावा लागतो.

## मग सगळा कर रस्त्यांसाठीच राखून ठेवला तर?

हा उपाय ओघाने सुचतो, पण जपानचा अनुभव पाहिल्यावर मी त्याच्या बाजूने नाही. तिथे पेट्रोलवरचा कर अनेक दशके केवळ रस्त्यांसाठी राखीव होता. पैसा येतच राहिल्यामुळे गरज नसलेले रस्तेही बांधले जात राहिले, आणि अखेर २००९ मध्ये हे बंधन काढून तो कर सर्वसाधारण तिजोरीत वळवण्यात आला. शिवाय वाहनांमुळे समाजावर पडणारा खर्च डांबरापुरता नसतो. धूर, अपघातग्रस्तांचे उपचार आणि वाहतूक कोंडीत गेलेला वेळ हाही खर्चच आहे, आणि गाडी नसलेला माणूसही तो सोसतो.

त्यामुळे सगळा कर रस्त्यांना देण्याची गरज नाही. गरज आहे ती देखभालीपुरत्या ठरावीक रकमेच्या हमीची, म्हणजे सोसायटीच्या सिंकिंग फंडासारख्या व्यवस्थेची. नवा रस्ता बांधला की उद्घाटन होते, बातमी येते. वेळेवर भेगा भरल्या, साइडपट्टी नीट केली, गटार मोकळे ठेवले, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात काटछाट करताना पहिली कात्री देखभालीवर चालते. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेच्या अंदाजानुसार देखभाल तीन वर्षे टाळली तर दुरुस्तीचा खर्च सहा पट आणि पाच वर्षे टाळली तर अठरा पट होतो.

श्रीमंत देशही यातून सुटत नाहीत. जर्मनीत ए-४५ महामार्गावरचा राहमेडे पूल तपासणीत धोकादायक आढळल्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये अचानक बंद करावा लागला आणि मे २०२३ मध्ये सुरुंगाने पाडला गेला. दरम्यान अवजड वाहतूक आसपासच्या गावांतून जात राहिली.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगले उदाहरण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. पंतप्रधान ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढची पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते आणि ती रक्कम मूळ करारातच धरलेली असते. हे तत्त्व शहरांतल्या रस्त्यांना सरसकट का लावले जात नाही, हा प्रश्न नगरसेवकांना विचारण्यासारखा आहे.

## आपल्याकडे पाऊसच इतका पडतो, त्याचे काय?

सिंगापूरलाही मुंबईप्रमाणे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपला पाऊस चार महिन्यांत एकवटतो आणि विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते, हे रस्ता बांधणाऱ्यापुढचे खरे आव्हान आहे. तरी खड्डा पडण्याची क्रिया सगळीकडे एकच असते: डांबराच्या थरातल्या भेगेतून पाणी आत शिरते, खडी आणि डांबर यांची पकड सुटते, खालचा मुरमाचा थर मऊ होतो आणि वरून जड चाक गेले की तो भाग ढासळतो. थंड देशांत हेच पाणी गोठून फुगते आणि भेग रुंदावते. म्हणून पाण्याचा निचरा हा रस्त्याच्या आयुष्याचा पाया आहे. नेदरलँड्सने बहुतेक महामार्गांवर सच्छिद्र डांबर वापरले आहे, ज्यातून पाणी पृष्ठभागावर न साचता आतून बाजूला वाहून जाते. ते साध्या डांबरापेक्षा लवकर बदलावे लागते, आणि तो खर्च तिथे आधीच धरलेला असतो.

## टोल भरतो, मग कर कशाला?

टोल त्या विशिष्ट रस्त्याचे बांधकाम आणि देखभाल यांसाठी असतो, तर कर संपूर्ण जाळ्यासाठी. म्हणून दोन्ही एकाच वेळी असण्यात तत्त्वतः विसंगती नाही. मात्र टोलमध्ये एक करार गृहीत असतो: पैसे दिले, तर रस्ता चालण्याजोगा हवा. केरळमध्ये एडप्पल्ली–मण्णुत्ती या राष्ट्रीय महामार्गाच्या पट्ट्यावर रस्त्याची दुरवस्था पाहून केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये टोलवसुली थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. टोल आणि रस्त्याची स्थिती यांचा संबंध न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे जोडणे महाराष्ट्रातल्या प्रवाशांसाठीही महत्त्वाचे आहे.

## विजेवरच्या गाड्या आल्यावर हिशेब बदलतो

वर सांगितलेली सारी व्यवस्था इंधनावरच्या कराच्या आधाराने उभी आहे, आणि विजेवरची गाडी पेट्रोल भरत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने अशा वाहनांना मोटार वाहन करातून सूट दिली, तसेच अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारी व बसगाड्यांना टोलमाफी जाहीर केली. स्वच्छ हवेसाठी सुरुवातीला अशी सवलत देणे मला योग्य वाटते. पण बॅटरीमुळे या मोटारी त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारींपेक्षा जड असतात आणि त्यांनाही रस्ता लागतोच, त्यामुळे ही सूट कायम राहू शकत नाही.

ज्या देशांत अशा गाड्या आधी वाढल्या, तिथे उत्तर शोधणे सुरू झाले आहे. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या हलक्या वाहनांना हजार किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर आकारायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९१९ मध्ये देशातला पहिला पेट्रोल कर आणला होता, आणि त्याच राज्याने २०१५ मध्ये मैलानुसार शुल्काची ऐच्छिक योजना सुरू केली. ब्रिटनने विजेवरच्या मोटारींना एप्रिल २०२५ पासून वार्षिक कर लागू केला आणि एप्रिल २०२८ पासून मैलाला ३ पेन्स शुल्क जाहीर केले आहे. गाडी कुठे गेली याची नोंद सरकारकडे राहील, ही भीती यात स्वाभाविक आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र हलक्या वाहनांसाठी ओडोमीटरचा आकडा पुरतो, जागेची नोंद ठेवावी लागत नाही.

महाराष्ट्रात हा बदल करायची वेळ येईल तेव्हा दर किती ठेवावा यावरच बहुतेक वाद होतील. त्याआधी दोन गोष्टी कायद्यात लिहून घ्यायला हव्यात: दर ठरवताना वजन आणि आसांची संख्या धरली जाईल, आणि वसुलीचा ठरावीक टक्का दरवर्षी महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांच्या देखभाल खात्यात परस्पर जमा होईल.